भाचीची अभिनयाची सुरुवात : प्रकल्प नोंदी

७ जानेवारी

ताईच्या मुलीला अभिनय करायचा आहे. वय नऊ. सुरुवात कशी करून द्यायची ते मी बघायचं, असं ठरलं. नाटक बसवताना तालमीची वही ठेवते तशीच ही वही: काय केलं, काय जमलं, पुढे काय.

आधी तिघांशी वेगवेगळं बोलले. भाऊजी म्हणाले, "तिचा बुजरेपणा गेला तरी पुष्कळ झालं." ताई म्हणाली, "एखाद्या मालिकेत दिसली तर किती छान!" भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला दुसरं कुणीतरी होऊन बघायचंय, मावशी."

मालिकेत दिसणं दुसऱ्यांच्या हातात असतं. बुजरेपणाचं म्हणाल तर बुजरी मुलं खूप बघतात, खूप ऐकतात, आणि नटाचं भांडवल तेच असतं. तो घालवायची मला घाई नाही. दुसरं कुणीतरी होऊन बघणं मात्र उद्यापासून घरातच सुरू करता येतं. काम त्यावर करायचं.

अटी लिहून ताई-भाऊजींना दिल्या. शाळा बुडवायची नाही. भाची "नको" म्हणाली की तिथेच थांबायचं, तिच्या मागे लागायचं नाही. आणि वार्षिक परीक्षा होईपर्यंत एकही ऑडिशन नाही. शेवटच्या अटीवर ताई कुरकुरली, पण तयार झाली.

१२ जानेवारी

"काहीतरी करून दाखव" म्हटल्यावर तिने साभिनय कविता म्हटली. "आकाश" आलं की हात वर, "मन" आलं की तळवा छातीवर, "पाऊस" आला की बोटं थरथरत खाली. प्रत्येक शब्दाला एक हावभाव, आणि सगळ्या ओळींना मिळून एकच हसू. बालवाडीपासून तिला बक्षिसं याचीच मिळत आली आहेत, त्यामुळे तिला बोल लावण्यात अर्थ नाही. पण अभिनयापासून हे फार लांबचं काम आहे. यात शब्दांची चित्रं हाताने काढली जातात. बोलणाऱ्याला त्या क्षणी काय हवंय, कुणाकडून हवंय, याचा पत्ताच नसतो.

मी कवितेवर काही बोलले नाही. हात मांड्यांखाली घेऊन बस म्हटलं आणि विचारलं, "काल मैत्रिणीशी कशावरून वाजलं?" ती सांगू लागली. भुवया, मान, मधले थांबे, मैत्रिणीचं बोलणं सांगताना बदललेला सूर, सगळं न शिकवता आलं. हात मांड्यांखालून कधी निघाले ते तिच्या लक्षातही आलं नाही, आणि निघाले ते बोलण्याच्या गरजेने निघाले.

पुढे: कविता काही काळ बाजूला. घडलेल्या गोष्टी सांगणं सुरू.

१९ जानेवारी

आजपासून खेळ. व्हायोला स्पोलिन (१९०६–१९९४) या अमेरिकन नाट्यशिक्षिकेने शिकागोत मुलांबरोबर काम करताना रंगखेळांची पद्धत घडवली. तिचा मुद्दा साधा आणि खोल आहे. "दुःखी हो", "घाबर" असं सांगून मुलाकडून अभिनय होत नाही. त्याला लक्ष ठेवायला एक नेमकी गोष्ट द्यायची. ती सांभाळण्यात मूल गुंतलं की आपल्याकडे कोण बघतंय हे ते विसरतं.

आधी आरसा. समोरासमोर उभं राहायचं, एकाने हळू हालचाल करायची, दुसऱ्याने प्रतिबिंब व्हायचं. मग अदलाबदल. मग पुढाकार कुणाचाच नाही, दोघांनी एकमेकांचं बघून हलायचं. शेवटच्या टप्प्याला तिने श्वाससुद्धा माझ्याबरोबर घेतला. समोरच्याकडे इतकं बघणं, हा सगळ्या अभिनयाचा पाया आहे.

मग नसलेली बादली. पाण्याने भरलेली बादली दारापासून खिडकीपर्यंत न्यायची. पहिल्यांदा तिने "जड आहे" असा चेहरा केला. मी खेळ न थांबवता बाजूने फक्त म्हटलं, "पाणी हिंदकळतंय." लगेच एक खांदा खाली गेला, दुसरा हात तोल सांभाळायला बाहेर आला, पावलं छोटी झाली. चेहरा विसरला गेला आणि बादली दिसायला लागली. स्पोलिनही अशाच सूचना देत असे, खेळ चालू असताना, बाजूने, लक्ष पुन्हा कामावर आणणाऱ्या. "छान" किंवा "चुकलं" हे दोन्ही शब्द मी खेळात वापरत नाही. दोन्हींमुळे मूल माझ्या तोंडाकडे बघायला लागतं.

२७ जानेवारी

"जर" चा खेळ. रशियन नाट्यदिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कीने (१८६३–१९३८) नटाच्या हातात दिलेलं हे सर्वांत सोपं हत्यार. मी राणी आहे असं मानायची सक्ती नाही. मी राणी असते तर या खोलीत कशी आले असते, एवढंच विचारायचं. मुलं हे रोजच करतात. भाचीला नवं काही शिकवावं लागलं नाही, फक्त तिच्या खेळाला प्रश्न जोडावे लागले. तू कुठून आलीस? इथे तुला काय हवंय? ते मिळू नये असं कुणाला वाटतं?

या तीन प्रश्नांवर ती अर्धा तास एका बंद कपाटाशी बोलत होती.

५ फेब्रुवारी

आवाज. ताईला वाटतं तिने मोठ्याने बोलायला शिकावं. मला वाटतं तिने वाक्य पुरं करायला शिकावं.

मराठी वाक्याचं क्रियापद शेवटी येतं आणि मुलांचा श्वास नेमका तिथेच संपतो. "मी दार उघडलं नव्हतं" यातलं "नव्हतं" गिळलं की प्रेक्षकांच्या कानावर "मी दार उघडलं" एवढंच पडतं. गोष्टच उलटी होते. लहान मुलांची नाटकं बघताना अर्धं कळत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा आवाजाचा लहानपणा नसतो, हा पडलेला शेवट असतो.

व्यायाम: मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून उभी राहते. शेवटचा शब्द स्वच्छ ऐकू आला तरच उत्तर देते, नाहीतर गप्प. ओरडायचं नाही. ओरडलं की गळा आवळतो आणि शब्द धूसर होतात. उताणं झोपून पोटावर पुस्तक ठेवायचं, श्वास घेताना ते वर आलं पाहिजे. आवाज बसला असेल त्या दिवशी आवाजाचं काम बंद. बसलेल्या आवाजात कुजबुजायलाही द्यायचं नाही, त्यानेही घशावर ताण येतो.

मग एकच वाक्य: "तू काल माझी वही घेतलीस." वजन दर वेळी वेगळ्या शब्दावर. "माझी" वर वजन दिल्यावर ती स्वतःच थांबली आणि म्हणाली, "म्हणजे त्याने आधी दुसऱ्यांच्यापण घेतल्यात!" संहिता वाचणं म्हणतात ते हेच. अर्थ तिने शोधला, मी सांगितला नाही.

१४ फेब्रुवारी

पाठांतर. ताईने तिला एक छोटा प्रवेश स्वतःच्या आवाजात फोनवर रेकॉर्ड करून दिला होता. भाचीने तो दोन दिवसांत पाठ केला, आणि ताईचा सूर, ताईचे थांबे, ताईची शेवटची उसळीही बरोबर पाठ झाली. आता तो सूर सोडवायला पाठांतरापेक्षा जास्त वेळ लागेल. त्यामुळे तो प्रवेश आम्ही सोडून दिला आणि नवा घेतला.

पद्धत लिहून ठेवते, कारण ती पुन्हा पुन्हा लागणार. आधी सगळी गोष्ट वाचायची आणि स्वतःच्या शब्दांत सांगायची. मग वाक्यं सपाट, चाल न लावता वाचायची. मग काहीतरी काम करत म्हणायची, कपड्यांच्या घड्या घालत किंवा दप्तर भरत. समोरच्या पात्राची वाक्यं मी वाचते, आणि दर वेळी वेगळी: कधी चिडून, कधी घाईत, कधी झोपाळलेली. तिचं वाक्य तेच, पण माझं ऐकून आलेलं. एकाच सुरात ते आलं तर ती ऐकत नाही, एवढं मला समजतं.

२२ फेब्रुवारी

आज तिला खेळायला जायचं होतं. गेली. काम नाही.

३ मार्च

दुसरी मुलं हवीतच. माझ्यासारख्या मोठ्या माणसाबरोबर ती नेहमी शिष्य असते. मुलांबरोबर जागा द्यावी लागते आणि मिळवावीही लागते. म्हणून बालनाट्याचा एखादा वर्ग बघायला सुरुवात केली.

एका ठिकाणी माहिती विचारताच समोरून आश्वासन आलं की वर्ग संपल्यावर मालिकेत काम मिळवून देऊ, फक्त नोंदणीचे पैसे आजच भरा. ताईचा चेहरा उजळला होता. मी तिला बाहेर आणलं. शिकवणारा माणूस शिकवण्याबद्दल बोलतो. कामाची हमी देऊन पैसे घेणारा कामाची हमीच विकत असतो, आणि ती त्याच्या हातात नसते.

दुसऱ्या ठिकाणी मी एक तास मागे बसून पाहिलं. शिक्षिका खाली जमिनीवर बसून बोलत होती. गप्प राहणाऱ्या मुलाला ढकलून पुढे आणत नव्हती, पण त्याला विसरतही नव्हती. मुलं एकमेकांकडे बघून खेळत होती. पालकांना दाराशी बसायला परवानगी होती. शेवटच्या प्रयोगात सगळ्यांना काम मिळतं का, असं विचारल्यावर ती म्हणाली, "मिळतं, आणि मुख्य काम कुणाला ते शेवटच्या आठवड्यापर्यंत आम्ही बदलत असतो." भाचीला इथे घातलं.

११ मार्च

ताईशी वाद. ती भाचीला आरशासमोर उभं करून भाव करून घेते: राग, आनंद, भीती. मी सांगितलं की हे बंद कर. आरशासमोर मूल स्वतःचा चेहरा बघायला शिकतं, आणि रंगमंचावर त्याने समोरच्याचा चेहरा बघायचा असतो. भीती चेहऱ्यावर "आणायची" नसते. दाराबाहेर कोण आहे ते ऐकायचं असतं, चेहरा त्याचं तो बघून घेतो. ताई म्हणाली, "पण ऑडिशनला भाव विचारतात ना?" विचारतात, काही ठिकाणी. तिथेही जे मूल ऐकत असतं ते वेगळं उठून दिसतं. ताईला पटलं की नाही माहीत नाही. आरशासमोरचा सराव मात्र थांबला.

३० मार्च

वर्गाचा प्रयोग. भाचीला छोटं काम, जंगलातली एक पहारेकरीण. मधल्या प्रवेशात राजा झालेला मुलगा वाक्य विसरला. शांतता पसरली. पाठ केलेलं मूल अशा वेळी खाली बघतं किंवा विंगेकडे बघतं. भाची त्याच्याकडेच बघत होती. ती दोन पावलं पुढे आली आणि म्हणाली, "महाराज, तुम्ही नदीकडे जाणार होता ना?" त्याला वाक्य आठवलं. नाटक पुढे गेलं.

प्रेक्षकांना काही कळलं नाही. मला मात्र जानेवारीपासूनच्या कामाचं फळ तिथे दिसलं. घरी आल्यावर सगळे तिच्या पोशाखाबद्दल बोलत होते. मी तिला तेवढंच विचारलं, "नदीचं कसं सुचलं?" ती म्हणाली, "त्याला तिकडेच जायचं होतं ना!"

१८ एप्रिल

परीक्षा झाली. आता ऑडिशनची तयारी, आणि ती बरीचशी मोठ्यांची आहे.

फोटो: एक चेहऱ्याचा, एक पूर्ण उंचीचा. खिडकीच्या उजेडात, साधा रंगीत सदरा, मेकअप नाही, केस रोजच्यासारखे. फोटो सुंदर असण्यापेक्षा खरा असायला हवा, कारण दारातून आत येणारं मूल आणि फोटोतलं मूल एकच आहे का, हे निवडणारे बघतात. तिचा पुढचा दात पडला आहे, तो लपवायचा नाही. मुलं भराभर बदलतात, म्हणून दर काही महिन्यांनी नवे फोटो.

माहितीच्या कागदावर नाव, वय, उंची, येणाऱ्या भाषा, कला, आणि संपर्काला ताईचा नंबर. शाळेचं नाव नाही, घरचा पत्ता नाही. मुलीच्या नावाचं जाहीर पान उघडायचं नाही, निदान आत्ता तरी.

प्रतिनिधी किंवा कास्टिंगचं काम बघणारा माणूस काम मिळाल्यावर ठरलेली टक्केवारी घेतो. आधी पैसे, "पोर्टफोलिओ आमच्याच फोटोग्राफरकडून काढा", किंवा "मुलीला एकटीला आत पाठवा" यातलं एक जरी ऐकू आलं तरी निघायचं. ऑडिशन कार्यालयात किंवा स्टुडिओत. हॉटेलच्या खोलीत किंवा कुणाच्या घरी नाही. पोहण्याच्या कपड्यांतले फोटो कुणी मागितले तर उत्तरही द्यायचं नाही, नंबर बंद करायचा.

२५ एप्रिल

पहिली सेल्फ टेप, म्हणजे घरीच फोनवर चित्रित करून पाठवायची ऑडिशन. लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी धावपळ नको.

फोन आडवा, स्टँडवर, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर. मोठी माणसं सवयीने फोन स्वतःच्या उंचीवर धरतात आणि मूल वर बघतं, त्यामुळे डोक्याचा माथाच जास्त दिसतो. चौकट छातीपासून डोक्याच्या थोडं वर. मागे साधी भिंत. उजेड समोरून. पंखा बंद. समोरची वाक्यं वाचणारा माणूस कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी, म्हणजे तिचे दोन्ही डोळे दिसतात. त्याचा आवाज तिच्यापेक्षा हळू, कारण तो माईकच्या जवळ असतो. ओळख करून देताना कॅमेऱ्यात बघायचं: नाव, वय, उंची. प्रवेशात कॅमेऱ्यात बघायचं नाही, तसं लिहून आलं असेल तरच.

प्रसंग असा होता: मुलगी शेजारच्यांच्या दारात, हरवलेली मांजर मागते आहे. पहिला टेक झाल्यावर ताई म्हणाली, "जरा जास्त रडवेली हो." मी भाचीला म्हटलं, "मांजर आत आहे असं तुला वाटतंय, पण या बाई खरं सांगत नाहीत. त्यांच्या मागे ऐक." दुसऱ्या टेकला ती बोलता बोलता मान किंचित तिरकी करून थांबली. तो टेक पाठवला. दोन-तीन टेकपुढे जायचं नाही. मूल थकतं आणि प्रसंग शिळा होतो.

घरचा नियम: टेप पाठवली की विषय संपला. निकाल काय म्हणून भाचीसमोर विचारायचं नाही.

९ मे

नकार. खरं तर नकारही नाही, काहीच उत्तर नाही. या क्षेत्रात नकार बहुधा असाच येतो. भाचीने विचारलं तेव्हा खरं ते सांगितलं: मुलांना निवडताना उंची, आवाज, ज्यांना आई-वडील म्हणून घेतलंय त्यांच्याशी चेहऱ्याचं साम्य, या सगळ्याचा हिशेब असतो. ती "बरं" म्हणून खेळायला गेली. जास्त वाईट ताईला वाटलं. ताईशी मात्र तासभर बोलावं लागलं.

१७ मे

नियम वाचून काढले. एका लघुपटासाठी बोलावणं आलं आहे, आणि होकार देण्याआधी हे घरातल्या सगळ्यांना माहीत असायला हवं.

भारतात १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी, पण बालकलाकार हा अपवाद, अटींसह. २०१७ च्या नियमांनुसार मुलाकडून दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. निर्मात्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची. सलग सत्तावीस दिवसांपलीकडे काम नाही. शिक्षण तुटणार नाही याची व्यवस्था निर्मात्याची. जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती. मिळकतीतला किमान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत. आणि मला सगळ्यांत महत्त्वाची वाटलेली अट: मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला भाग घ्यायला लावायचं नाही.

दुसरीकडेही हाच विचार वेगवेगळ्या रूपांत आहे. ब्रिटनमध्ये स्थानिक प्रशासनाचा परवाना लागतो आणि एका देखरेख करणाऱ्या व्यक्तीकडे बारापेक्षा जास्त मुलं देता येत नाहीत. कॅलिफोर्नियात सहा महिन्यांच्या आतल्या तान्ह्या बाळाचं प्रत्यक्ष काम दिवसाला वीस मिनिटांवर जाऊ शकत नाही.

भाऊजींनी हे सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मग पत्रात तासही लिहून मागू." त्यांनी स्वतःच पत्र लिहिलं: तारखा, पोहोचण्याची आणि सुटण्याची वेळ, तिच्यासोबत कोण थांबणार, कपडे बदलायला वेगळी जागा, मानधन, आणि चित्रण कुठे आणि किती काळ दाखवणार. दोन दिवसांत सगळ्याची नीट उत्तरं आली. होकार दिला.

१२ जून

लघुपटाचा पहिला दिवस. बहुतेक वेळ वाट बघण्यात जातो, हे तिला आधी सांगितलं होतं. सोबत पुस्तक, चित्रकलेची वही, पत्ते.

कॅमेऱ्यासमोरच्या नव्या गोष्टी ती भराभर शिकली. जमिनीवरच्या खुणेवर खाली न बघता थांबायचं. तिने पावलं मोजून ठेवली. पहिल्या टेकमध्ये पेला उजव्या हातात असेल तर पुढच्यातही उजव्याच हातात, आणि त्याच शब्दावर उचलायचा. "कट" ऐकू येईपर्यंत थांबायचं नाही, वाक्य संपलं तरी. रंगमंचावर जेवढं करायचं त्याच्या निम्म्याने इथे पुरतं, हे मी सांगणार होते. दिग्दर्शकाने ते माझ्याआधी आणि माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं: "तू विचार कर, कॅमेरा बघतोय."

१३ जून

अवघड प्रसंग आज होता. मोठा भाऊ घर सोडून जातोय आणि धाकटी बहीण दारात उभी. लिहिलेलं होतं: तिच्या डोळ्यांत पाणी.

पाणी येईना. साहाय्यकांपैकी एकजण तिच्यापाशी बसला आणि हळूच म्हणाला, "तुमचा कुत्रा गेला ना, तो आठव." मी मध्ये पडले. बाजूला घेऊन त्याला सांगितलं की हे चालणार नाही. तिचं खरं दुःख तिचं आहे, टेकसाठी ते उकरून काढायचं नाही. एकदा डोळ्यांत पाणी आलं की पुढच्या टेकला पुन्हा तिथेच जावं लागतं, आणि मूल घरी जाताना ते बरोबर घेऊन जातं. स्तानिस्लाव्हस्कीने भावनांच्या स्मृतीचा मार्ग मोठ्या नटांसाठी शोधला होता, आणि आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत तोही शारीरिक कृतींकडे वळला. नऊ वर्षांच्या मुलीला सरळ कृतीपासूनच सुरुवात करायला काय हरकत आहे?

दिग्दर्शकाने ऐकून घेतलं, हे त्याचं मोठेपण. मी त्याच्या परवानगीने भाचीला एवढंच दिलं: दादाच्या बॅगेची चेन अडकली आहे. ती लागली की तो जाणार. तुला चेन लावून द्यायची आहे, कारण त्याने सांगितलंय. आणि तू रडलीस तर तो जाणार नाही, म्हणून रडायचं नाही.

तिने चेन ओढली. ती खरंच अडकत होती. दोनदा ओढली, मग दोन्ही हातांनी. हनुवटी घट्ट, मान खाली. पाणी आलं नाही. चेन लागली तेव्हा तिने वर बघितलं आणि दिग्दर्शकाने "कट" म्हणायला उशीर केला. तोच टेक ठेवणार आहेत.

नंतर आम्ही बाहेर गेलो. पात्राचा फ्रॉक बदलला, हातपाय झटकले, तिने स्वतःचं पूर्ण नाव मोठ्याने घेतलं आणि आज संध्याकाळी काय काय करायचंय ते सांगितलं. हे प्रत्येक जड प्रसंगानंतर करायचं. मोठे नटही करतात. मुलांच्या बाबतीत ते राहून जातं, कारण सगळ्यांना वाटतं, मूल आहे, विसरेल.

२ जुलै

मानधन आलं. भाऊजींनी आधीच तिच्या नावे खातं उघडलं होतं. नियमात वीस टक्के लिहिलेत, यांनी सगळीच रक्कम ठेवली. जॅकी कूगन या मूकपटांच्या काळातल्या प्रसिद्ध बालनटाची हकीकत मी त्यांना सांगितली होती. सज्ञान झाल्यावर त्याला कळलं की त्याच्या कमाईतलं बहुतेक आई आणि सावत्र वडिलांनी खर्च करून टाकलं आहे. त्याने १९३८ साली त्यांच्यावर खटला भरला, हाती थोडंसंच लागलं, पण त्यातून कॅलिफोर्नियात १९३९ चा कायदा आला. आज तिथे बालकलाकाराच्या एकूण मिळकतीतले पंधरा टक्के त्याच्या नावे वेगळे ठेवावे लागतात.

भाचीला किती मिळाले ते सांगितलं आणि ते कुठे आहेत तेही. तिचे पैसे, तिला माहीत असायला हवेत.

२१ जुलै

एका मालिकेसाठी विचारणा. मोठं काम, नायिकेची धाकटी बहीण, अनेक महिने. ताईचा आवाज फोनवर थरथरत होता, आणि तिचा आनंद मला समजतो. भाऊजींनी तेच पत्र पाठवलं.

उत्तर आलं: तास "गरजेनुसार", अभ्यासाचं "बघून घेऊ", परवानगीबद्दल काहीच नाही. पुन्हा विचारलं तर समोरून सांगितलं की एवढे प्रश्न विचारणाऱ्या पालकांबरोबर काम करणं अवघड जातं.

२४ जुलै

घरात बैठक, भाचीसकट. तिला सगळं सांगितलं: काम काय, दिवस किती, शाळेचं काय होईल, आणि ते लोक काय लिहून द्यायला तयार नाहीत. नियमांबाहेरच्या कामाला "हो" म्हणायचं नाही, हा निर्णय आम्हा मोठ्यांचा आहे, तुझ्यावर सोपवलेला नाही, हेही सांगितलं. तिच्या डोक्यावर ते ओझं नको. मग विचारलं, तास लिहून मिळाले असते तर तुला हवं होतं का?

ती म्हणाली, "त्यात ती बहीण रोज तेच करते. दार उघडते आणि ताईला मिठी मारते. मला वर्गातलं नाटक जास्त आवडतंय."

ताईने नकार स्वतः कळवला. तिच्यासाठी हे सोपं नव्हतं, आणि मी तिला तसं बोलूनही दाखवलं.

४ ऑगस्ट

वर्गाच्या नव्या नाटकाचं वाचन झालं. भाचीला दुसऱ्या शेजारणीचं काम आहे, मोजकी वाक्यं. संध्याकाळी वही घेऊन माझ्याकडे आली. शेजारणीची वाक्यं तिने लिहिली नव्हतीच. लिहिले होते प्रश्न: ही बाई याच वेळी का येते? साखर मागायला आली तर वाटी का नाही आणली? पहिल्या शेजारणीचं बोलणं तिने दाराबाहेरून ऐकलंय का?

शेवटच्यावर आम्ही दोघी अडलो. ऐकलं असेल तर तिचं पहिलं वाक्य खोटं आहे, नसेल तर खरं. संहितेत दोन्हीला जागा आहे. शनिवारच्या तालमीत दोन्ही प्रकारे करून बघायचं ठरलं. दार खरं हवं, बंद होणारं. शिक्षिकेला विचारायचं आहे.